दिव्यावांचून पाडवा

इंडोनेशियाच्या भाषेंत ‘आश्रम’ म्हणजे काय, असें एखाद्या संस्कृतज्ञास विचारलें तर तो बिचारा पर्णकुटी, मृगाजिन आणि समिधा यांचें वर्णन करूं लागेल. वस्तुतः तेथें आश्रम म्हणजे पुष्कळ मुलांनीं मिळून राहण्याची जागा. आपण ज्यास वसतिगृह म्हणतों तें. शब्द दूरदेशीं गेले म्हणजे माणसांप्रमाणेंच त्यांचाही व्यवसाय बदलतो. ‘उपवासा’चें तेथें ‘पुआसा’ झालें आहे, ‘स्वामी’ हा फक्त नवरा उरला आहे, आणि ‘कपाल’ म्हणजे सबंध डोकें! परंतु ‘आश्रमा’चा तेथील अर्थ आम्हांस विशेष पटला, कारण साठी उलटल्यावर, वानप्रस्थाच्या उंबरठ्यावर उभे असतां, अशाच एका आश्रमांत आम्हांस सहा रात्री काढाव्या लागल्या. मृगाजिनाच्या जागीं एकीवर एक रचलेल्या दुमजली खाटा होत्या, एवढाच फरक.

हा योग कसा आला तें सांगतों. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या वस्त्रकलेची पदवीधर आहे. बाली बेटाच्या पूर्वभागांत तेंगानान नांवाचें एक जुनें गांव आहे. तेथें ‘ग्रिंगसिंग’ नांवाचें वस्त्र विणतात. त्याची खुबी अशी कीं, विणण्यापूर्वींच उभे आणि आडवे दोन्ही धागे जागोजाग बांधून रंगवितात, आणि मग मागावर रंगाशीं रंग जुळवून नक्षी उमटवितात. धागा केंसभर सरकला कीं फूल फिसकटलें! आपल्याकडे पाटणचा पटोळा याच रीतीनें होतो, आणि गुजराथचे हे पटोळे कित्येक शतकें जहाजांतून त्या बेटांकडे जात असत. सहा महिने राहून ही विद्या हातीं घ्यावी, असें मुलीच्या मनानें घेतलें. त्यासाठीं ती वर्षभर घरीं बसून तिकडची भाषाही शिकली. राहणार कोठें, तर जवळच्या चांदीदासा गांवीं, समुद्रकांठच्या एका स्वस्त प्रवासी-वसतिगृहांत.

हें ऐकतांच घरांत जें व्हायचें तें झालें. आमच्या घरांत माणसें अकरा आणि चूल एक. अशा घरांत कोणतीही गोष्ट एकट्याची नसते. मातुःश्रींचें वय सत्याऐंशी. त्यांचा पहिला प्रश्न, “पोर जेवणार काय?” भावजयीनें कोठेंसें ऐकलें होतें कीं, तसल्या ठिकाणीं परके पुरुष आणि बायका एकाच खोलींत निजतात. बंधु वर्तमानपत्राआड गेले. याचा अर्थ ते फार अस्वस्थ होते. अखेर निकाल असा लागला कीं, ‘दादानें बरोबर जाऊन प्रत्यक्ष पाहून यावें, दादा म्हणेल तें खरें.’ एकतीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यामुळें परीक्षकाचें काम आमच्या वांट्यास येणें साहजिक होतें. तिकिटें स्वस्त मिळालीं तीं नेमकीं पाडव्याच्या आठवड्याचीं. मातुःश्रींनीं साखरेच्या गाठींची माळ, कडुनिंबाची चटणी, एक तांब्या आणि रेशमी खण आमच्या पिशवींत घालून बजावलें, “जिथें असशील तिथें गुढी उभी राहिली पाहिजे.”

१९ मार्च २०२३ रोजीं आम्ही चांदीदासास पोंचलों. वसतिगृह म्हणजे एका कुटुंबाचेंच घर होतें. मधें अंगण, अंगणाच्या एका कोपऱ्यांत दगडी देवळ्यांची ओळ, आणि भोंवतीं खोल्या. घरधनीण सकाळीं माडाच्या पात्यांच्या लहान लहान करंड्यांत फुलें ठेवून त्या उंबऱ्यावर, पायरीवर, रस्त्याच्या कडेला मांडीत असे. पाय जपून टाकावा लागे. तिनें हात जोडून “ॐ स्वस्त्यस्तु” म्हटलें तेव्हां आम्हांस क्षणभर वाईच्या घाटावर असल्याचा भास झाला. तिची सात-आठ वर्षांची मुलगी संध्याकाळीं प्रार्थनेला बसे. तेथील त्रिसंध्येचा आरंभ गायत्रीमंत्रानें होतो. तो मंत्र तेथें मुलगे म्हणतात तसा मुलीही म्हणतात, आणि त्याबद्दल कोणाच्या मनांत कांहीं किंतु दिसला नाहीं.

एका रात्रीचें भाडें एक लाख वीस हजार! हा आंकडा ऐकून आमची छाती दडपली. पण तिकडील रुपिया आपल्या एका रुपयास तेव्हां एकशेंऐंशींहून अधिक मिळत, म्हणजे हिशेब साडेसहाशेंच्या आंतबाहेर आला. पुतणीची सोय सहा खाटांच्या बायकांच्या खोलींत झाली. आम्हीं मात्र मुद्दाम आठ खाटांची मिश्र खोली मागून घेतली. पाहायचें तर नीट पाहावें.

आम्हांस दिलेली खाट वरची होती आणि तिला शिडी होती. शिडीकडे पाहत आम्ही उभे असतांना खालच्या खाटेवरील पन्नाशीच्या एका जर्मन बाईनें आपलें अंथरूण निमूटपणें उचललें आणि ती वर चढून गेली. ती परिचारिका होती. अशा रीतीनें सहा रात्री आमच्या डोक्यावर एक जर्मन विदुषी निजली, ही गोष्ट भावजयीस सांगतांना आम्हांस थोडी कसरत करावी लागणार हें उघड होतें. प्रत्येक खाटेस जाड पडदा, आंत एक लहान दिवा, पायथ्याशीं कुलपाची पेटी. पडदा ओढला म्हणजे जो तो आपल्या घरीं! दुसऱ्याचा ओढलेला पडदा कोणी कधीं बाजूस सारला असें आम्हीं सहा दिवसांत पाहिलें नाहीं. पाठशाळेंत असतां आम्ही अठरा विद्यार्थी एका माडीवर निजत असूं. तेथें पडदाही नव्हता आणि पेटीही नव्हती, आणि शेजाऱ्याचें धोतर आपलें समजून नेसण्याची चाल मात्र होती.

भिंतीवर नियम लावलेले होते: पादत्राणें बाहेर, आपलें ताट आपण घासावें, रात्रीं दहानंतर बोलूं नये, शीतपेटींतील पदार्थांवर आपलें नांव लिहावें. शेवटच्या नियमावर आमचा बराच विचार झाला. एकत्र कुटुंबाच्या फडताळांत कोणी नांवें लिहून ठेवीत नाहीं. लाडू कमी झाले तर मुलांपासून मांजरापर्यंत सर्वांची चौकशी होते. सर्वच मात्र गोड होतें असें नाहीं. न्हाणीघराच्या जमिनीवर नेहमी समुद्राची वाळू. एक इंग्रज तरुण माध्यान्हीपर्यंत निजे आणि उठला कीं मोठ्यानें गाणीं लावी. आमचें स्नान पहाटे चारला होई, म्हणून न्हाणीघराचा वाद आला नाहीं. जेवणास भात, टोफू आणि ‘तेंपे’ नांवाची सोयाबीनची वडी मिळे. चटणींत कोळंबीचें वाटण असतें एवढें विचारून घेतलें म्हणजे झालें.

आतां पाडव्याविषयीं. बालींतही शकच चालतो, तो आपलाच, इसवी सनाच्या ७८ व्या वर्षीं सुरू झालेला. त्यांचें नवें वर्ष साधारण चैत्राच्या सुमारास येतें. पण दोघांचे अधिक मास निरनिराळ्या वेळीं पडत असल्यामुळें दिवस दरवर्षीं जुळत नाहीं. २०२४ सालीं त्यांचा सण ११ मार्चला झाला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. परंतु २०२३ सालीं २२ मार्च या एकाच दिवशीं वाईस आणि चांदीदासास शके १९४५ लागलें. आनंद वाटला तो मात्र घटकाभरच. कारण आपण नवें वर्ष गुढी उभारून, वाजत गाजत आणतों. तेथें तें मौनानें येतें. त्या दिवसास ‘न्येपी’ म्हणतात. सकाळीं सहापासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहापर्यंत चार गोष्टी बंद: ‘अमाती गेनी’, अग्नि नाहीं, ‘अमाती कार्या’, कामकाज नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. ‘गेनी’त आपला अग्नि आणि ‘कार्या’त कार्य स्पष्ट दिसतें. ‘अमाती’ पाहून आम्ही नञ्-समास सोडवूं लागलों होतों. पण तो शब्द त्यांच्या देशी ‘माती’ म्हणजे मरणें या धातूचा. पुतणी म्हणाली, “काका, मराठींत तरी माती होणें म्हणजे दुसरें काय?”

आदल्या संध्याकाळीं गांवांत बांबूकागदाचे प्रचंड राक्षस खांद्यांवर नाचवीत नेले. आरडाओरड, ढोल, झांजा, थेट आपला शिमगा. आणि सकाळीं उठून पाहतों तों सर्व बेट जणूं श्वास धरून बसलेलें. विमानतळ बंद, दुकानें बंद, रस्त्यावर गाडी नाहीं, दूरध्वनीवरील आंतरजालही सरकारनें थांबविलेलें. पाहुण्यांनींही आवाराबाहेर पाऊल टाकायचें नाहीं. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचें वस्त्र कमरेस गुंडाळलेले गांवचे राखणदार, ज्यांस ‘पचालांग’ म्हणतात, तेवढे फिरत असतात.

अशा दिवशीं गुढी कशी उभारावी? आम्हीं आदल्या दिवशींच घरधनिणीस विचारलें. मधें दुभाषी पुतणी. बाईनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें, सासऱ्यांस विचारून आली, आणि निर्णय सांगितला: आपल्या देवाचें नवें वर्ष आपण अवश्य करावें, मात्र काठी आवाराच्या भिंतीवर दिसूं नये, घंटा वाजूं नये, आणि दिवा लावूं नये.

पहिल्या दोन गोष्टींचें आम्हांस कांहीं वाटलें नाहीं. दिव्यानें मात्र आम्हांस रात्रभर जागविलें. आमच्या घरांत नीरांजनावांचून पूजा झालेली आम्हांस आठवत नाहीं. इकडे मातुःश्रींची आज्ञा, तिकडे ज्यांच्या घरीं राहिलों त्यांचें व्रत. पडद्याआड एक वात लावली असती तर कोणास कळणार होतें? पण चोरून लावलेल्या दिव्यानें ओंवाळण्यांत अर्थ कोणता? शास्त्रांत मानसपूजा सांगितली आहे, तिच्यांत दीपही मनानेंच दाखवितात. त्या आधारावर आम्हीं सूर्योदयास कपडे वाळविण्याचा बांबू अंगणांत उभा केला, त्यावर खण, आंब्याचा डहाळा, गाठींची माळ आणि वर तांब्या. भिंतीहून हातभर ठेंगणी अशी ती गुढी! मंत्र ओठांतल्या ओठांत म्हटले. जर्मन बाई आणि दोन कोरियन मुली अनवाणी येऊन उभ्या राहिल्या. कडुनिंबाची चटणी सर्वांस वांटली. इंग्रज तरुणानें ती एका घांसांत गिळली आणि त्याचा चेहरा असा झाला कीं, मौनाचा दिवस असूनही सर्वांस हंसूं आवरेना.

आमच्या खोलींत जावा बेटावरील एक मुसलमान विद्यार्थी होता. ‘आश्रम’ शब्दाचा अर्थ आम्हांस प्रथम त्यानेंच सांगितला. त्याचा रमजानचा पहिला उपवास दुसऱ्याच दिवशीं होता. संध्याकाळीं गुढी उतरविल्यावर त्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यांत त्यानें अंधारांत चटई पसरून आपला नमाज केला. देवळ्यांजवळ घरधनी डोळे मिटून बसलेले होते.

रात्रीं नवाच्या सुमारास त्या कोरियन मुलींपैकीं धाकटी पोट धरून कळवळूं लागली. ओकाऱ्या थांबेनात. जर्मन बाईनें पदराआड झांकून धरावा तसा दूरध्वनीचा दिवा झांकून तिला तपासलें, पोटाची उजवी बाजू दाबून पाहिली, आणि रुग्णालयांत ताबडतोब न्यावें लागेल, सकाळची वाट पाहतां येणार नाहीं, असें सांगितलें. आजाऱ्यासाठीं त्या दिवशींही रस्ता मोकळा असतो. पण राखणदारांस सांगून गाडी मागवावी लागते. घरधनी फाटकाशीं गेले. रुग्णालय अमलापुरास. आजारी मुलगी, परिचारिका, आणि तेथें बोलायला भाषा येणारें एक माणूस. घरधनिणीस इंग्रजी अगदीं तुटपुंजें. विद्यार्थी जाण्यास तयार झाला होता, पण आजारी मुलगी पुतणीचा हात सोडीना.

पुतणीनें चप्पल घातली, कागदपत्रें पिशवींत टाकलीं, आणि अंधारांत आमच्याजवळ येऊन म्हणाली, “काका, येतें.”

तिनें ‘जाऊं का’ असें विचारलें नाहीं. ‘जातें’ असेंही म्हणाली नाहीं; तें तिच्या आजीचें वळण. बाहेर दिवे मालवलेली एक गाडी आणि काळ्यापांढऱ्या वस्त्रांतले दोन अनोळखी पुरुष. परका देश, काळोख, दूरध्वनी मुका. घरीं ज्या ज्या गोष्टींची चर्चा झाली होती त्या सर्व एकदम फाटकाबाहेर येऊन उभ्या होत्या. आम्हीं म्हटलें, “ये.” गाडी निघून गेली.

पुढील सात तास आम्ही अंगणांतच बसलों. अमावास्या आदल्याच रात्रीं सरलेली, चंद्र नाहीं, सर्व बेटावर एक दिवा नाहीं. असें आकाश आम्हीं लहानपणानंतर पाहिलें नव्हतें. दक्षिणेस अगस्त्य आणि त्रिशंकु चांगले वर आलेले. उत्तरेकडे सप्तर्षि क्षितिजालगत उलटे टांगल्यासारखे. सवयीनें ध्रुव शोधूं लागलों. पण बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ अंशांवर. तेथून ध्रुव दिसत नाहीं, तो क्षितिजाच्या खालीं असतो. वर्गांत हें आम्हीं कितीदां तरी फळ्यावर आकृति काढून शिकविलें होतें. त्या रात्रीं मात्र उत्तरेकडे ती रिकामी जागा पाहणें आम्हांस बरें वाटेना, म्हणून पाट फिरवून दक्षिणेकडे तोंड करून बसलों.

जावाचा विद्यार्थी मधून मधून येऊन बसे. बोलत नसे. पहाटे साडेतीनास तो उपवासापूर्वींचें जेवण घेऊन आला. आदल्या दिवशीं शिजविलेला गार भात. त्यांतली दोन केळीं त्यानें आमच्यापुढें ठेविलीं. आम्हीं गाठींच्या माळेंतील पदक तोडून त्याच्या हातावर दिलें. अंधारांत त्यास तें काय हें कळेना. जिभेवर ठेवल्यावर कळलें.

साडेचारास फाटक वाजलें. पुतणीच्या ओढणीवर डाग पडलेले, डोळे तांबडे. मुलीचें आंत्रपुच्छ सुजलें होतें, शस्त्रक्रिया ठरली, जर्मन बाई तिच्याजवळ राहिली. दोघां राखणदारांपैकीं एकजण रुग्णालयाच्या पायरीवर सबंध वेळ बसून होता, आणि दुसऱ्यानें, तेंगानानचा असल्यामुळें, आपल्या आत्याच्या मागाचें वर्णन करून हिला जागें ठेविलें होतें. एवढें सांगून ती बांकावरच आडवी झाली आणि झोंपली. आम्हीं तिच्या अंगावर गुढीचा खण घातला.

सहा वाजले. रस्त्यावर पहिली गाडी वाजली, आणि त्याबरोबर आमच्या खिशांतला दूरध्वनि. आमचे सहा म्हणजे वाईचे पहाटेचे साडेतीन. पण तिकडेही कोणी निजलेलें दिसलें नाहीं. बंधूंस आम्हीं रात्रीची हकीकत सांगितली, कांहीं न वगळतां. बराच वेळ पलीकडून शब्द आला नाहीं. मग हातांतून हातांत जात यंत्र मातुःश्रींकडे गेलें.

“गुढी उभारलीस?”

“उभारली.”

“नीरांजन?”

“दिवा लावायला तिथें मनाई होती आई. लावला नाहीं.”

“वाऱ्यानें विझला असता तर काय केलें असतेंस? तशीच गुढी.” आणि मग, जरा थांबून, “पोरगी जेवली का?”

आम्हीं म्हटलें, ती झोंपली आहे. यंत्र पुन्हा बंधूंकडे गेलें. त्यांनीं विचारलें, “मग दादा, काय ठरवूं?”

आम्हीं त्यांस सांगितलें कीं, भावजयीस म्हणावें मेतकूट करायला घे; पुढच्या आठवड्यांत कोणी येणारें असेल त्याच्याबरोबर पाठवूं. डबा मोठा घ्यावा, सहा महिने पुरला पाहिजे.